कॉपी चालू आहे : डी मॉर्गनची कॅसांड्रा

इंग्लिश चित्रकार ईव्हलिन डी मॉर्गनच्या 'कॅसांड्रा'ची (१८९८), म्हणजे ग्रीक कथांमधल्या ट्रॉयच्या भविष्य सांगणाऱ्या राजकन्येच्या चित्राची, कोळशातली कॉपी कमरेपर्यंत उतरली. दोन्ही हात वर, मुठींत स्वतःचेच केस, मागे ट्रॉय जळतंय. हात वर गेले की खांदे चढतात, बरगड्या उघडतात, छाती वर ओढली जाते, आणि हे सगळं झग्याआडून कळायला हवं. म्हणून आधी उघडं शरीर काढलं, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून झगा चढवला. चुण्या कुठून सुटतात ते तेव्हा कळलं. नुसत्या चुण्या गिरवल्या की बाई दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते. ईव्हलिनही नग्न देहाचा आणि कपड्याचा अभ्यास वेगवेगळा करायची.

तिला हे शिकायला मिळालं, कारण १८७३ मध्ये ती लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेली. मुलींना तिथे निदान अर्धवस्त्र मॉडेल तरी मिळे. रॉयल ॲकॅडमीच्या शाळेत लॉरा हरफर्डला १८६० मध्ये प्रवेश मिळाला, तोही चित्रांवर नावाचं फक्त आद्याक्षर होतं, बाई आहे हे कळलं नाही म्हणून. पण मुलींना लाइफ क्लास (जिवंत मॉडेलवरून देह काढायचा वर्ग) मिळायला १८९३ उजाडलं, आणि तेव्हाही मॉडेल कमरेला गुंडाळलेला. तोवर प्लॅस्टरचे पुतळे काढा! मधे १८८५ मध्ये 'टाइम्स'मध्ये नग्नचित्रांविरुद्ध 'ब्रिटिश मेट्रन' (प्रौढ, घरंदाज बाई) अशा सहीचं पत्र आलं. ती बाई म्हणजे खरं तर ॲकॅडमीचे खजिनदार, चित्रकार हॉर्सली, असं मानतात.

कॅसांड्राशेजारी त्याच वर्षीची 'हेलन ऑफ ट्रॉय' लावून ठेवलीय. तिच्याही हातात केसांची बट आहे, पण ती आरशात रमलेली. मला कॅसांड्राच जास्त आवडते. तिच्या देहाला बघणाऱ्याची पर्वाच नाही.

पुढे त्याच काळातली चित्रकार ॲनी स्विनर्टन हिच्या 'क्युपिड अँड सायकी'चा नंबर. तिथली त्वचा संगमरवरी नाही, लालसर-जांभळी, रक्त खेळणारी. त्यासाठी पेस्टल काढावे लागतील.

ईव्हलिनची गडद राखाडी कागदावरची सोनेरी रेखाटनंही खुणावताहेत. साधी सोनेरी पेन्सिल घासून पाहिली. तिरकं धरलं तर चमकते, समोरून मातकट दिसते. कुणी सोनेरी गॉश (अपारदर्शक जलरंग) वापरलाय का? कागद कुठला घेतला आणि पाण्याने तो फुगला का, तेवढं सांगा.