गाडी कुठे लावली ते नंतर, डिकी कुठे उघडली ते आधी सांगा

मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगरला गेलो होतो. निघायच्या दिवशी खोली सोडली, सामान गाडीत भरलं आणि पोरांनी भोकाड पसरलं, शेवटचं एकदा पाण्यात! म्हणून परतीच्या वाटेने म्हसळ्याकडे न वळता श्रीवर्धनच्या दिशेने, समुद्राला चिकटून जाणारा रस्ता धरला. शेखाडीच्या पुढेमागे तो रस्ता इतका देखणा आहे की दर दोन वळणांना कुणीतरी थांबलेलं असतं. दोन-तीन गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी आम्हीही लावली.

मग मी अक्कल चालवली. लॅपटॉपची सॅक मागच्या सीटवर होती. "दिसेल कुणाला," म्हणत मी ती उचलली, गाडीला वळसा घालून डिकीत ठेवली. टॉवेल सापडेना म्हणून सगळ्या बॅगा खाली उतरवून पुन्हा चढवल्या. बायकोची पर्स सॅकवर, पर्सवर शाल. एवढं सगळं भर रस्त्यात, सावकाश. कुणी बघत असेल तर त्याला यादी करायलाही वेळ मिळाला असेल.

चाळीस मिनिटांनी आलो तर मागच्या डाव्या दाराची काच नव्हती. सीटभर खडीसाखर सांडावी तसे तुकडे. समोरची काच थरांची असते, तडकली तरी चिकटून राहते. दारांच्या काचा टफन्ड, एका फटक्यात चुरा. चोराने दार उघडलंच नव्हतं. आत वाकून मागच्या सीटपाठचा, डिकी झाकणारा ट्रे उचलला आणि सॅक-पर्स घेऊन गेला. आमच्या गाडीचा अलार्म दार उघडलं तरच बोंबलतो, त्यामुळे तो गप्पच होता. शाल मात्र ठेवून गेला.

पहिली चूक लगेच केली. पोरांना बसायला जागा हवी म्हणून मी सीट झाडून काढली. पोलिसांनी नंतर विचारलं, "पंचनाम्याला काय दाखवू, झाडलेली सीट?" नशीब, त्याआधी बायकोने फोनवर चार फोटो काढले होते.

लॅपटॉपचं दुःख करायला वेळच मिळाला नाही, कारण बायको एकदम म्हणाली, "अरे, घराची किल्ली पर्समध्ये होती." आणि आरसी बुकाचं कार्ड? तेही पर्समध्येच, कारण येताना नाक्यावर दाखवून तिने तिथेच टाकलं होतं. म्हणजे किल्ली आणि तिचा पत्ता दोन्ही एकाच माणसाच्या हातात, आणि आम्ही घरापासून चार-पाच तासांवर. शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांनी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलावून दोन तासांत कुलूप बदलून घेतलं आणि नवी किल्ली स्वतःच्या देव्हाऱ्यात ठेवली. त्या दिवशी सगळ्यात उपयोगी पडलेली व्यक्ती म्हणजे त्याच.

आरसी कार्ड बाळगायची खरं तर गरजच नव्हती. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी आणि लायसन्स तपासणीला चालतात. हे मला माहीत होतं, तरी "असू दे बरोबर."

ठाण्यात अंमलदार मऊ स्वरात म्हणाले, "गहाळ झाल्याचा दाखला देतो, दहा मिनिटांत मोकळे व्हाल. गुन्हा नोंदवायचा तर पंचनामा आला, वेळ जाईल." पोरं कंटाळलेली, मोह झालाच. पण ऑफिसला फोन केला तर लॅपटॉपच्या विम्याला चोरीचा एफआयआरच लागेल, गहाळ दाखला चालणार नाही असं कळलं. मग बसलो. काच फोडून नेलेली वस्तू "गहाळ" कशी, एवढंच मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. अखेर भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) या चोरीच्या कलमाखाली, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत ३७९ खाली, नोंद झाली. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. पर्समध्ये बायकोचा जुना मोबाइलही होता. तो संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायला हीच पोलीस तक्रार आणि आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, लागला. नंबर खोक्यावर, खोकं माळ्यावर.

दारावर कचऱ्याची काळी पिशवी चिकटवून घाट चढलो. ती सबंध ताम्हिणीभर फडफडत होती, कुणी काही बोललं तरी ऐकू येत नव्हतं. बरंच झालं.

विम्याचं गणित घरी मांडलं. काचेला घसारा, म्हणजे जुनी झाल्याची वजावट, लागत नाही, ती पूर्ण भरून मिळते. फक्त क्लेममधले सक्तीचे हजार रुपये आमच्या खिशातून. पण पाच वर्षं क्लेम न केल्याने हप्त्यात मिळणारी आमची ५० टक्के नो क्लेम सूट एका क्लेमने शून्यावर आली असती. काच मजुरीसकट साडेतीन हजारांत बसली, सूट त्याहून जास्तीची होती. क्लेम केलाच नाही. गाडीतल्या सॅकचा आणि पर्सचा तर गाडीच्या पॉलिसीशी संबंधच नव्हता.

घडलं त्या दिवशी होमस्टेवाले काका स्कूटरवरून आले होते. गाडी कुठे लावली ते मी तावातावाने सांगू लागलो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ते राहू द्या. डिकी कुठे उघडलीत?" एरवी गप्प बसणारा माणूस, पण एवढं बोलले. सुनसान जागा, गर्दीची जागा, झाडाखाली की टपरीपुढे, यावर मी नंतर खूप विचार केला. पण खरी गोष्ट त्यांच्या प्रश्नातच होती.

आता किनाऱ्याच्या आधीच्या गावात, पेट्रोल पंपावर किंवा चहाला थांबलो की तिथेच सगळं लावून घेतो. टॉवेल आणि कोरडे कपडे एका पिशवीत पायाशी, बाकीचं डिकीत. किनाऱ्यावर डिकी उघडायचीच नाही, काही विसरलं तर विसरलं. डिकीत काही नसेल तेव्हा ट्रे काढून टाकतो, रिकामी डिकी काचेतून दिसलेली बरी. मोबाइलचा स्टँड आणि चार्जरची वायरही काढतो, कारण वायर दिसली की फोन आत आहे असं वाटतं. किल्ली टायरवर किंवा चपलेत ठेवायची सासऱ्यांची जुनी पद्धत बंद; एक जण आळीपाळीने वाळूवर कोरडा बसतो आणि किल्ली त्याच्याकडे. यावरून भांडणं होतात. शक्य असेल तर पाण्यात जायचं ते खोली सोडायच्या आधी, सामान खोलीत असताना. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी सगळा संसार गाडीत असतो, तेव्हा समुद्र नकोच असं माझं मत आहे. बायकोला ते पटत नाही.

सात महिन्यांनी घरी पत्र आलं: 'अ' समरी. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. चावीवाल्याच्या बिलाबरोबर फाइलला लावून ठेवलं आहे.