कूलरचा पंखा अन् पोर्शे ९१७

परवा कूलरची खस बदलत होतो, नागपूरचा मे म्हणजे बाप्पा विचारूच नका, अन् तो पंखा समोर दिसल्यावर एकदम पोर्शे ९१७ ही जुनी रेसची गाडी आठवली. हसू नका, तिच्या १२ सिलिंडरच्या एअर-कूल्ड इंजिनावर पण असाच मोठा पंखा आडवा बसवलेला, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि त्याचे पाय पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे, म्हणजे ठोकली तर आधी पायच जाणार! भाचा म्हणे, मामा असली गाडी कोण चालवते? म्हटलं, १९७० मध्ये हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूडनं आळीपाळीनं भर पावसात चालवून फ्रान्समधल्या ल मान्सची २४ तासांची रेस जिंकली, पोर्शेचं तिथलं पहिलं ओव्हरऑल जेतेपद. रेसमध्ये उतरायचं तर नियमानं अशा २५ गाड्या बनवलेल्या हव्या होत्या, तर १९६९ मध्ये त्यांनी २५ लायनीत उभ्याच केल्या.

पण मला भारी वाटतं ते वजन वाचवायचं वेड, गिअरची मूठ चक्क बाल्सा लाकडाची! अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांच्या चेसिसमध्ये, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, गॅस भरायचे, प्रेशर उतरलं की समजायचं कुठंतरी तडा गेलाय. बर्डीवरच्या आमच्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो मान वर न करता म्हणाला, "पंक्चर पाहतो तसंच तर आहे ना भाऊ."