उडी कुणी मारायची?

बडोद्यात महाभारताचं युद्ध दोन तऱ्हांनी भेटतं. कीर्तिमंदिराच्या भिंतीवर नंदलाल बोसांनी ते रंगवलंय. सगळं एकदम समोर. कुठून बघायला लागायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि सतराव्या शतकात याच गावचे गुजराती कवी प्रेमानंद अभिमन्यूचं आख्यान सांगायचे ते बोटांतल्या अंगठ्यांनी तांब्याची माण, म्हणजे घागर, वाजवत. माण थांबली की ऐकणाऱ्यानेही थांबायचं, कितीही घाई असो.

हल्लीच्या साहसकथा पुस्तक, सिनेमा, मालिका, गेम अशा चहूकडे पसरतात आणि फसतात त्या नेमक्या इथे. गोष्ट उचलून नेतात, पण समोरच्याला दिलेलं काम मागेच राहतं.

1996चा ‘टूम्ब रेडर’ गेम घ्या. त्यातलं सगळं जग चौकोनांचं. जागेवरून मारलेल्या उडीत एका चौकोनाची दरी पार होते, धावत मारली तर दोन, आणि पलीकडची कड हातांनी धरली तर तीन. म्हणून आधी अगदी कडेला यायचं, मागे एक टुणकन उडी घ्यायची, मग धावत सुटायचं आणि कड यायच्या आतच उडीचं बटण दाबून ठेवायचं. कड आल्यावर दाबलं की गेमची नायिका लारा सरळ खाली! 2001च्या सिनेमात अँजेलिना जोली लारा झाली. उड्या होत्याच, पण चौकोन मोजणारं कुणी उरलं नाही. हात पॉपकॉर्नमध्ये.

इंडियाना जोन्सचं जरा बरं. सिनेमा नकाशावर लाल रेघ ओढून मिनिटाच्या आत समुद्र ओलांडतो. 1992च्या ‘फेट ऑफ अटलांटिस’ गेमने मात्र खेळणाऱ्यापुढे तीन वाटा ठेवल्या: जोडीने जा, डोकं चालवा किंवा ठोसे मारा. 2024च्या गेममध्ये तर आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो, त्यामुळे खेळताना ती प्रसिद्ध हॅट बहुधा सावलीतच दिसते. (हॅटच्या भक्तांना हे रुचणं कठीणच.)

आपला फुरसुंगीचा बनेश फेणेही पुस्तकातून दूरदर्शनवर गेला आणि 2017मध्ये सिनेमात. पडद्यावर त्याचं ‘ट्टॉक’ अमेय वाघ काढून देतो. भा. रा. भागवतांच्या पुस्तकात ते नुसतं छापलेलं असतं, जीभ टाळूला लावायची वाचणाऱ्याने. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एखादं पोर, शाळेत गुजराती आणि घरी मराठी, जोडाक्षरांपाशी अडखळत वाचत असतं. या जोडाक्षरापाशी मात्र आईला हाक जात नाही. आतल्या खोलीत ऐकू येतं ते थेट ट्टॉक.