विंगेत कुणी नाही

अकरा वर्षं मी आमच्या हौशी संस्थेत प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी आणि कान नटाच्या श्वासाकडे. वाक्य विसरलं की आधी श्वास अडतो, नजर नंतर भिरभिरते. त्यामुळे यूलियूश ऑस्टेर्वा या पोलिश नट-दिग्दर्शकाबद्दल वाचताना मी एका गोष्टीपाशी थबकले : त्याच्या नाटकांना प्रॉम्प्टरच नसे.

ऑस्टेर्वा १८८५ साली क्राकुफमध्ये जन्मला. नट म्हणून, तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या, वॉर्सात गाजला. पहिल्या महायुद्धात, ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणून, त्याला रशियात धाडलं गेलं. पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९१९ मध्ये त्याने लिमानोव्स्की या भूशास्त्रज्ञाला जोडीला घेऊन 'रेडूटा' ही नाट्यसंस्था काढली. नट एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, तालमी लांबच लांब चालायच्या. जाहिरातीवर नटांची नावं नाहीत, शेवटी पडद्यासमोर येऊन अभिवादन नाही. नावांचं मला पटत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणाऱ्याला नाव छापलेलं दिसायलाच हवं. पण प्रॉम्प्टर नको, हे पटलं. शब्द आपल्या हाती आहेत असं मी इतकी वर्षं समजत होते. ते नटाच्या अंगात मुरलेले हवेत.

१९२५ मध्ये रेडूटा विल्नोला, म्हणजे आजच्या व्हिल्नियसला, गेली. पुढच्या वर्षी त्यांनी स्पॅनिश नाटककार काल्देरॉनचा 'अढळ राजपुत्र' पोलिश कवी स्वोवात्स्कीच्या पोलिश रूपात उघड्यावर केला, मग तो गावोगावी नेला. राजपुत्र ऑस्टेर्वा स्वतः. सेउता शहर शत्रूला देण्यापेक्षा कैदेत मरण पत्करणारा. सगळं पद्यात, वर आकाश, समोर अख्खं गाव, आणि अडलं तर कुजबुजणारं कुणी नाही! माझ्या तर पोटात गोळाच आला.

हेच नाटक १९६५ मध्ये पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीने केलं. त्याआधी १९६० मध्ये पोलंडमधल्याच ओपोले शहरात 'शाकुंतल' केलं होतं, तोच हा ग्रोटोव्स्की. आपल्या संस्थेसाठी त्याने रेडूटाचंच चिन्ह घेतलं.

दुसऱ्या महायुद्धाने ऑस्टेर्वाचा रंगमंच काढून घेतला. लढाई संपल्यावर तो क्राकुफच्या स्वोवात्स्की नाट्यगृहाचा प्रमुख झाला, पण १९४७ च्या मे महिन्यात गेलाच. जर्मन अंमलाच्या त्या वर्षांत तो पाद्री होऊ घातलेल्या तरुणांना उच्चार शिकवत असे. शब्द गिळायचा नाही, शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा.