बरडच्या अलीकडे

टाळ बाबांचे होते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे 2025 साली डॉक्टरांनी त्यांना चालायला मनाई केली होती आणि दिंडीतली आपली जागा रिकामी राहणं त्यांना सोसणार नव्हतं. "तू जा," म्हणाले. माझी भक्ती काही उतू जात नव्हती. मे महिन्यात सीए फायनलचा पाचवा अटेम्प्ट दिला होता. सीमेवरच्या तणावामुळे त्यातले पेपरही मध्येच पुढे ढकलले गेले होते, म्हणजे अभ्यास संपता संपेना. आता निकालाची वाट बघत ऑफिसात बसण्यापेक्षा चालत कुठेही गेलेलं बरं, एवढाच हिशेब. रजा मागितली तर सर म्हणाले, जरूर जा, वारी माणसाला चिकाटी शिकवते. चार वेळा आपटून पाचव्यांदा बसलेल्या माणसाला वर चिकाटी काय शिकवायची, ते त्यांना विचारायचं राहून गेलं.

ज्या पोराला मी व्हाउचिंग, म्हणजे नोंदी पावत्यांशी ताडून बघणं, शिकवलं, तो आता माझ्या वर्किंग पेपर्सवर लाल पेनाने शेरे मारतो. हे आळंदीपासून डोक्यात होतं. पुण्यात दोन मुक्काम झाले तरी होतंच.

दिवेघाटाचं सगळे विचारतात. चढले. फोटोत दिसतो तसा असेलही, मला पुढच्या माणसाची पाठ दिसली. जेजुरीला भंडाऱ्याने पिवळी झाले. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं म्हणे, मी तेव्हा आमच्या ट्रकवर माझी वळकटी शोधत होते.

राहुटीत आम्ही नऊ जणी. एक घोरायची, तिचं काही नाही, झोपेत घोरतं माणूस. पण दुसरी रोज रात्री अडीच वाजता उठून प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी शोधायची. चुरचुर, चुरचुर. तीन वाजता तसंही उठायचं, टँकरमागे अंधारात दोन तांबे अंगावर घ्यायचे, चारला राहुट्या ट्रकवर. तो अर्धा तासही ती मिळू द्यायची नाही. आणि सकाळी भेटली की आधी माझ्या पाया पडायची. आता पाया पडणाऱ्या बाईवर राग धरायचा कसा? मी धरला. लोणंदपर्यंत धरला. तसा 'माउली' हा शब्द वारीत हॉर्नसारखाही वापरतात, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मागून कोपर बसायचं आणि पाठोपाठ आवाज, "माउली, माउली, चला माउली."

फलटणहून बरडच्या मुक्कामाकडे निघालो त्या दिवशी उजव्या टाचेला आधीच हुळहुळत होतं. महागाचे बूट घेतले होते, वारीसाठी म्हणून खास. रस्ता आता रुंद झालाय, बघत राहावा असा, पण सावली उरली नाही. दहानंतर ऊन वरून लागत होतं आणि खालूनही. बाबांचे टाळ म्हणून बुवांनी मला टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीत घेतलं होतं. दुपारी अभंग द्रुत लयीत आला, पावलं जागच्या जागी नाचायला लागली आणि माझ्या टाचेत काहीतरी सरकलं. कातड्याखाली पाणी सरकल्याचं कळतं, दुखायच्या आधी कळतं. मी ओळीतून बाहेर पडले. कुणाच्या लक्षात आलं नाही. वीणेकरी बुवांची पाठ, मग पताका, मग मागच्या बायकांच्या डोक्यावरच्या तुळशी, सगळं पुढे गेलं आणि मी कडेच्या कठड्यावर बसले.

बूट काढला. मोजा ओला होता. टाचेवर जुन्या रुपयाएवढा फोड, आतलं पाणी गढूळ. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला एक, करंगळीला एक. मी रडले असं म्हणणार नाही, पण नाक वाहत होतं. समोरून एकेक दिंडी जात होती. एकीचा अभंग संपेपर्यंत दुसरीचा ऐकू यायचा, मध्ये काही क्षण दोन्ही एकमेकांत मिसळायचे. बघत बसले आणि मनात स्पष्ट आलं, फलटणला परत जावं, एसटी धरावी. बाबांना सांगू पाय गेला. खोटं थोडंच होतं? सोडून देण्याचं कारण इतकं खरं, इतकं दाखवण्यासारखं मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

"बूट घालून यायचं व्हय वारीला? बुटात पाय शिजतो."

मावशी शेजारी कधी बसली ते कळलं नाही. साठीपुढची, डोक्यावर बोचकं, पायात झिजलेल्या चपला. कुठल्या दिंडीतली नाही, मोकळ्या समाजातली. जिंतूरकडची. तिने माझा पाय न विचारता मांडीवर ओढून घेतला. मला लाज वाटली, पायाला वास येत होता. तिने चंची सोडली. सुपारी, तंबाखू, औषधाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट, आणि कापडात खोवलेली सुई, पांढरा दोरा गुंडाळलेली. काडी ओढून सुई जाळावर धरली, काळी झाली तशी पदराने पुसली. मग फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने काढली, गजरा ओवावा तशी. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते वारीत बोलायचे शब्द नव्हते. ती हसली. दोरा दाताने तोडला, दोन्ही बाजूंना बोटबोटभर टोकं ठेवून.

"ह्यो काढू नको. पाणी दोऱ्यावाटं येतं भाईर. अन् कातडं सोलू नको, ते झाकण हाय."

तिन्ही फोड केले. टाचेतून दोऱ्याची दोन टोकं लोंबत होती आणि त्यातून थेंब थेंब गळत होतं. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कितवी वारी?

"कशाला मोजायच्या माय? पेरणी झाली की निघते."

मी तर अटेम्प्ट मोजते. महिन्यासकट, मार्कांसकट. कोरोनाच्या दोन वर्षांत काय केलंत, विचारलं. पादुका तेव्हा एसटीने पंढरपूरला नेल्या होत्या, पायी वारी नव्हतीच. मला वाटलं सांगेल की अंगणात चालले, तुळशीला तेवढ्या फेऱ्या घातल्या. अशा गोष्टी आपण फॉरवर्ड करतो.

"काय करनार? बसलो घरी. तिसऱ्या वर्साला निघालो परत." सुपारी कातरता कातरता म्हणाली. बसण्याबद्दल खंत नाही आणि निघण्याबद्दल फुशारकी नाही.

मग माझी चौकशी झाली. लग्न, नोकरी, परीक्षा. कशाची परीक्षा? हिशेबाची. हिशेब येत न्हाई का तुला? येतो. "मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रत्येक पेपरात 40 लागतात आणि पेपरांच्या एकेका ग्रुपची बेरीज 50 टक्के, दोन्ही एकदम जुळावं लागतं, हे तिला काय सांगणार? सांगितलं तरी. तिने मान हलवली आणि म्हणाली, "माझ्या ल्योकाला फोन लावून दे."

लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. "राहू दे," ती म्हणाली, "रानात असंल." आम्ही निघालो. बूट लेसने गळ्यात बांधले, पायात तिच्या बोचक्यातल्या जास्तीच्या चपला, एक नंबर लहान. ती संथ चालायची आणि अखंड बोलायची. सुनेबद्दल, जावेबद्दल, विहिरीच्या वाट्याबद्दल. पायात कळा आणि कानात जावेचं भांडण. मघाशी देवासारखी वाटलेली बाई अर्ध्या तासात नकोशी झाली, मी मनातल्या मनात हरिपाठ म्हणायला लागले. तेवढ्यात, "लाव बरं परत एकदा." नाही लागला. आणखी थोडं चालून, "लाव." बरड दिसायला लागलं तेव्हा त्याने उचलला. ती ओरडून बोलली, "बरी हाय. म्हशीकडं बघ." बस. फोन माझ्या हातात दिला आणि पदराने तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं.

तळावर गर्दीत ती चुकली. नाव विचारलं नव्हतं. चपला माझ्याच पायात राहिल्या.

संध्याकाळी समाज आरतीला मी पायाचे दोरे सांभाळत उभी होते. चोपदारांनी दंड वर केला की एवढा मोठा समाज क्षणात गप्प होतो, ही शांतता मला रोज नवी वाटते. पण ज्या दिंडीची तक्रार असेल तिने टाळ थांबवायचे नाहीत, वाजवत राहायचं, ऐकून घेईपर्यंत. आमचा पाण्याचा टँकर दोन दिवस आलेला नव्हता. दंड वर गेला, सगळे थांबले, आणि आमची दिंडी थांबली नाही. एवढ्या शांततेत आमचेच टाळ. पहिल्यांदा मला ओशाळल्यासारखं झालं, हात मंदावला. शेजारचे काका खेकसले, "वाजव, बाबा असते तर कानठळ्या बसवल्या असत्या." मग मी वाजवले. टँकरसाठी वाजवले, टाचेसाठी वाजवले, लाल पेनाच्या शेऱ्यांसाठी तर फारच वाजवले. चोपदार आले, म्हणणं ऐकून घेतलं, आमचे टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या, त्यात कुणाची तरी दातांची कवळी होती.

टँकर सकाळी आला.

पुढचे दिवस मला वेगळे काढता येत नाहीत. माळशिरस आधी की वेळापूर, दरवेळी आठवून सांगावं लागतं. रिंगणात अश्व धावला, त्याच्या टापांखालची माती आता माझ्या डबीत आहे. धाव्याला सगळ्यांबरोबर मीही उतारावरून धावले, लंगडत. पिशवीवाली बाई वाखरीला तापाने पडली तेव्हा तिची पिशवी मी धरली. आत गोळ्या होत्या, रोज रात्री घ्यायच्या, डोळ्यांना अंधारात दिसायचं नाही म्हणून चाचपडायची. मला हे दोन आठवडे विचारता आलं असतं.

निकाल एकादशीलाच लागला, 6 जुलैला. पंढरपुरात माणसांचा महापूर, फोनला नेटवर्क कुठलं? स्क्रीनवर चाक फिरत राहिलं. दर्शनाच्या रांगेत मी लागलेच नाही, कळसाला हात जोडले आणि चंद्रभागेत पाय बुडवले. टाचेतला दोरा तिथेच कधीतरी निसटला.

परतीच्या एसटीत गाव मागे पडल्यावर रेंज आली. पहिला ग्रुप निघाला होता. दुसऱ्यात एका पेपरला 37. मी दोन वेळा बघितलं, 37च. फोन तसाच धरून बाबांना लावला. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "टाळ भिजले का गं?"

"भिजले. वाखरीला पाऊस होता."

"मग आजच पुसून ठेव. हिरवे पडतात."

मी पिशवीतून टाळ काढले आणि ओढणीने पुसायला लागले. गाडी खड्ड्यातून गेली की ते वाजायचे, आणि पुढच्या सीटवरचं पोर दरवेळी मागे वळून बघायचं.