दृढीकरणाला मी आत्यालाच का निवडलं

यंदा ईस्टरनंतर माझं दृढीकरण झालं. आम्हा वसईच्या कॅथलिक मुलामुलींना हा संस्कार ओळखीचा असतो, पण कॉलेजातल्या मैत्रिणींना प्रत्येक वेळी समजावून सांगावा लागतो. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला तेव्हा मी तान्ही होते. माझ्या वतीने आईबाबा आणि धर्ममाता-धर्मपिता 'होय' म्हणाले. दृढीकरणात ती वचनं आपण स्वतः उभं राहून देतो आणि बिशप आपल्या कपाळावर पवित्र तेलाने क्रूस काढतात. वर्ग घेणाऱ्या सिस्टर मात्र पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "नुसतं तुम्ही होय म्हणण्यापुरतं हे नाही. देणारा पवित्र आत्मा आहे, तुम्ही घेणारे आहात." तेव्हा हे मी वहीत उतरवून घेतलं, पण समजायला बराच वेळ लागला.

तयारीचे वर्ग रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, असायचे. बायबलमधल्या यशयाच्या अकराव्या अध्यायातली पवित्र आत्म्याची वरदानं, प्रेषितांची कृत्ये, संस्कार, पापनिवेदन (फादरांपुढे आपली पापं कबूल करणं), शेवटी एक दिवसाची ध्यानसाधना. अभ्यास अवघड नव्हता. मला अडवलं ते दोन गोष्टींनी. बिशपांना प्रत्येकाने एक पत्र लिहायचं होतं, 'मला दृढीकरण का हवं आहे', आणि सोबत उभं राहणारी एक व्यक्ती, म्हणजे स्पॉन्सर, निवडायची होती.

पत्राचा पहिला कागद कितीतरी दिवस कोराच राहिला. कारण 'मी कोण' हा प्रश्न मला कॉलेजात गेल्यापासूनच टोचत होता. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "तू ख्रिश्चन ना? मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आमच्या घरी आजी लाल लुगडं नेसते, आमची वसईची कादोडी बोली बोलते, संध्याकाळी जपमाळ मराठीत म्हणते. मराठी मला शाळेत शिकवावी लागली नाही. आणखी एकाने हसत हसत "तुम्ही म्हणजे बाटलेले" असं म्हटलं, तेव्हा घरी येऊन मी बाबांशी खूप वेळ बोलले.

बाबांनी तारखा सांगितल्या. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली आणि आमचे पूर्वज इथेच, याच वाड्यांमध्ये, ख्रिस्ती म्हणून राहिले. त्याआधी जबरदस्ती झाली असेल, लोभ झाला असेल, खरी श्रद्धाही असेल. बाबा त्यातलं काही झाकत नाहीत. पण राजा बदलल्यावरही जे प्रार्थना करत राहिले त्यांना 'बाटलेले' म्हणून कसं संपवायचं? मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. माझा विश्वास कुणा पोर्तुगिजाकडून थेट माझ्या हातात आलेला नाही. मधे अडीचशेपेक्षा जास्त वर्षं माझ्याच माणसांनी तो सांभाळला आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मारले गेले, १८६२ साली संत घोषित झाले, आणि त्यांचा सण आम्ही अजून साजरा करतो. उस्मानाबादला २०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी लहान होते, पण टीव्हीसमोर बसलेल्या बाबांचे डोळे भरून आलेले आठवतात. त्या शेजारच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती आता माझी जवळची मैत्रीण आहे.

स्पॉन्सरचा प्रश्न जास्त कठीण होता. शक्यतो स्नानसंस्काराच्याच धर्मपालकांपैकी कुणी असावं अशी चर्चची इच्छा असते. माझी धर्ममाता मात्र परदेशात आहे आणि येऊ शकणार नव्हती. दुसरी व्यक्ती निवडायची तर ती कॅथलिक हवी, वयाची सोळा वर्षं पूर्ण झालेली हवी, तिचं स्वतःचं दृढीकरण झालेलं हवं आणि ती विश्वासाला धरून जगणारी हवी. फादरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात एकच नाव आलं, धाकट्या आत्याचं.

आत्याने हिंदू मुलाशी लग्न केलं आहे. आजी तिच्या लग्नाला गेली नव्हती. घरात या विषयावर कुणी भांडत नाही, कारण कुणी तो काढतच नाही. मी आत्याचं नाव घेतल्यावर आजी एवढंच म्हणाली, "गावात दुसरं कुणी नाही का?" आईने मला नजरेने थांबवलं. त्या रात्री मी खूप रडले, पण नाव बदललं नाही. मला ओळखणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये विश्वासासाठी रोज काहीतरी ठरवावं लागणारी व्यक्ती तीच आहे. आम्हा बाकीच्यांना रविवारी घंटा ऐकू येते आणि सगळी आळीच चर्चकडे निघते. ठाण्याला तिच्या इमारतीत ती एकटी उठते, आवरते आणि मिस्सेला जाते.

वर्गात एका मुलीने धीर करून विचारलं होतं, की दुसऱ्या धर्माच्या मुलाशी लग्न केलं तर माणूस चर्चच्या बाहेर जातो का? सगळे खाली बघत होते. फादरांनी शांतपणे सांगितलं, नाही. बिशपांची परवानगी घेऊन असं लग्न चर्चमध्ये होऊ शकतं. कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं, की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची कल्पना द्यावी लागते, पण त्याला धर्म बदलावा लागत नाही. मग म्हणाले, "परवानगी मिळते याचा अर्थ सोपं असतं असा घेऊ नका."

आत्याचं लग्न असंच, रीतसर परवानगीने झालेलं आहे. म्हणून नियमाची अडचण नव्हती. तिच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे तिच्या भागातल्या चर्चच्या, फादरांचं पत्र आणि दृढीकरणाचा दाखला हवा होता. तिचं दृढीकरण झालं तेव्हा वसईचा वेगळा धर्मप्रांतच (एका बिशपांच्या हाताखालचा भाग) नव्हता, तो १९९८ साली झाला. त्याआधी आम्ही सगळे मुंबईच्या धर्मप्रांतात. नोंद मात्र आमच्याच चर्चच्या जुन्या रजिस्टरमध्ये होती, आजोबांच्या सहीसकट. ठाण्याचं पत्र आणायला मी आत्याकडे गेले आणि रात्री राहिले.

त्या रात्री मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी घरी सांगितली नव्हती. कॉलेजातल्या माझ्या वर्गातला एक मुलगा मला आवडतो आणि तो हिंदू आहे. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा 'घाबरू नकोस' म्हणेल. तिने यातलं काहीच केलं नाही. लग्नाआधी तिने आणि काकांनी काय काय बोलून घेतलं ते तिने सांगितलं. मुलांचा स्नानसंस्कार. घरी देव्हारा आणि क्रूस कुठे. गणपतीत ती मोदक करील, पूजेला बसणार नाही. गुड फ्रायडेला घरात सगळ्यांचं जेवण साधं. आणि मेल्यावर काय. "मला आपल्या गावच्या कबरस्थानात, बाबांजवळ पुरायचं, हे मी पंचविसाव्या वर्षी बोलले त्याच्याशी. तो म्हणाला, मग मला भेटायला वसईला यावं लागेल." असे प्रश्न प्रेमात पडलेली माणसं एकमेकांना विचारतात हे मला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "तू सतरा वर्षांची आहेस. कुणाशी लग्न करायचं ते आज ठरवू नकोस. तुला काय सोडायचं नाही, ते मात्र आत्तापासून बघ."

घरी परतल्यावर बिशपांना द्यायचं पत्र एका बैठकीत लिहून झालं. त्यात मी आत्याचंच वाक्य घेतलं नाही, पण तो प्रश्न घेतला. मला काय सोडायचं नाही, हे लिहिलं: रविवारची मिस्सा, आजीबरोबरची जपमाळ, पापनिवेदनानंतर मन हलकं होतं ते, आणि दुःखात येशू आपल्याजवळ असतो हा विश्वास. मला शंका येतात हेही लिहिलं. सात वरदानांपैकी सुबुद्धीच्या सल्ल्याचं वरदान मी मागितलं, कारण पुढची काही वर्षं मला त्याचीच गरज पडणार आहे. दृढीकरणाला एखाद्या संताचं नवीन नाव घ्यायची मुभा होती. वर्गातल्या काही मुलांनी नुकतेच, २०२५ साली, संत झालेल्या कार्लो आकुतिसचं नाव घेतलं. मी स्नानसंस्काराचंच नाव ठेवलं. ते आजीचं आहे.

संस्काराच्या दिवशी रांगेत आत्या माझ्या मागे उभी होती. तिने उजवा हात माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला, बिशपांनी माझं नाव घेऊन कपाळावर तेल लावलं आणि मी 'आमेन' म्हणाले. तेलाला गोडसर वास होता. आवाज कापेल असं वाटलं होतं, पण कापला नाही. सिस्टरांचं 'घेणारे' म्हणजे काय ते तेव्हा कळलं: मी काही मिळवलं नव्हतं, मला दिलं जात होतं.

काका शेवटून तिसऱ्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर आजीने त्यांना विचारलं, "गाडी कुठे लावली? जेवून जा." सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण ते जेवायला आले.

त्या मुलाशीही मी बोलले. मला तू आवडतोस हे त्याला माहीत आहे. माझा विश्वास माझ्यासाठी काय आहे हेही आता माहीत आहे. त्याने बरेच प्रश्न विचारले, काहींची उत्तरं मी दिली, काही फादरांना विचारून सांगीन म्हटलं. सध्या आम्ही बारावीचा अभ्यास एकत्र करतो, आणि आईला मी त्याचं नाव सांगितलं आहे.