हर्णैच्या ओट्यावरून परळला: माझी इंटर्नशिप

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला फिल्डवर्कसाठी मी कर्करुग्णांना मदत करणारी संस्था निवडली. खरं सांगायचं तर दापोली तालुका मिळत होता म्हणून. पोस्टर, पथनाट्य, शाळेत भाषण, सगळं यथासांग झालं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी जनजागृती करायला गेलात तर तुम्हाला कोण विचारणार? तिथल्या कोळणी भेटतात दुपारी, ओट्यावर, मिश्रीची डबी उघडून बसलेल्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची, बोटाने दातांना लावायची. "मी खाते थोडीच गो, लावते फक्त!" यावर बोलायला आमच्याकडे पत्रक होतं, पण उपयोगी पडली ती तीन बोटांची परीक्षा. हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते आपलं आपणच बघायचं. नाही गेली तर तोंड पुरतं उघडत नाही, म्हणजे धोक्याची खूण. हसत-खिदळत सगळ्याजणी करून बघतात. एका मावशींची दोनच गेली. मग म्हणाल्या, "तरीच! हल्ली तिखट झोंबतं म्हणून मी फिक्कंच जेवते." मिश्री नव्हे, दिवसभर सुपारी होती त्यांच्या तोंडात.

आता सुपारीचं आंजर्ले-मुरूडकडे बोलायचं कसं? दारात पोफळी. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक. पण नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे म्हटलं की यजमान आधी सरबत पुढे करतात आणि मग विषय बदलतात. तिथे मी फारसं काही करू शकले नाही.

तपासणीचं मात्र जमलं, तेही गावोगावच्या आशाताईंमुळे, म्हणजे आशा स्वयंसेविकांमुळे. तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. गर्भाशयमुखाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. परळच्या टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच साधी तपासणी आरोग्यसेविकांकडून करून घेतली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते. हा आकडा मी शिबिरात हौसेने सांगायचे. बायका विचारायच्या ते वेगळंच: खोलीला कडी आहे का, आणि डॉक्टर बाई आहे ना?

डाग दिसला की आमचं निम्मं काम फोनवर. परळला सोबत कोण जाणार, सुनेचे दिवस भरलेत, लालबागच्या दिराच्या दहा बाय बाराच्या खोलीत किती दिवस राहायचं. रेल्वेत कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सवलत. पण दाखला हॉस्पिटल देणार, म्हणजे खेडहून पहिली खेप पदरमोड करूनच. तेवढे पैसे संस्था देते. मला विचाराल तर संस्थेचा सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च हाच.

कोणी या भागात इंटर्नशिप मागणार असाल तर पावसाळ्यात या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, कोळणी घरी सापडतात. शेतावरच्या बायकांना मात्र लावणी उरकल्यावरच गाठा, आणि गणपतीच्या आधी. चाकरमानी आले की तुमच्या शिबिराला चिटपाखरू फिरकणार नाही.